वगळलेल्यांची यादी

नव्या प्रोजेक्टवर गेलो की रीडमी मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, म्हणजे पायथन प्रोजेक्टच्या सेटिंगची फाईल, उघडतो, त्यातही लिंटरचा भाग, आणि त्यातही 'इथे बघू नकोस' म्हणून सांगितलेल्या फोल्डरांची यादी. लिंटर रफ असो, फ्लेक८ असो, पायलिंट असो, ही यादी असतेच. रीडमी पाहुण्यांसाठी लिहिलेली असते. तिच्यात आर्किटेक्चरची आकृती असते, हिरवे बॅज असतात, तीन कमांडींत सगळं सुरू होईल असं आश्वासन असतं (तिसरी कमांड चालत नाही). एक्सक्लूडची, म्हणजे वगळायच्या नावांची, यादी मात्र कोणाला दाखवायला म्हणून कोणी लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, सीआय, म्हणजे कोड पाठवला की आपोआप होणारी तपासणी, एकदाची हिरवी व्हावी म्हणून, कोणीतरी वैतागून तिच्यात एक नाव घालतो आणि घरी जातो. ते नाव मग तिथे वर्षानुवर्षं राहतं. घालणारा कंपनी सोडून जातो, नाव राहतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिंटर कोड चालवत नाही, नुसता वाचतो. वाचता वाचता दोन तऱ्हेच्या गोष्टींवर बोट ठेवतो. काही दिसण्याच्या: ओळ फार लांब झाली, स्वल्पविरामानंतर जागा सोडली नाही, इम्पोर्ट ओळीने लावलेले नाहीत. काही असण्याच्या: हे नाव वापरलंय पण ते कुठे ठरवलेलंच नाही, हे व्हेरिएबल भरून ठेवलंय पण पुढे त्याचं काहीच केलं नाही. दिसण्याच्या तक्रारींनी कोणाचं काही अडत नाही. असण्याच्या तक्रारींनी रात्री दोनला फोन येतो.

आणि यादीतल्या प्रत्येक नावाला मी एकच प्रश्न विचारतो. इथल्या कोडात चूक निघाली तर ती दुरुस्त करायला कुठे जावं लागेल? उत्तर 'दुसरीकडे' असेल तर ते नाव यादीत शोभतं. उत्तर 'इथेच' असेल तर कोणीतरी काहीतरी झाकलंय, आणि काय झाकलंय ते बघायला मी आधी तेच फोल्डर उघडतो.

लिंटरला गप्प बसवण्याची सोय ही काही आजकालच्या आळशी पोरांनी काढलेली पळवाट नव्हे. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी पहिला लिंट लिहिला, त्यावरचा त्यांचा लेख १९७८ सालचा. त्या पहिल्याच लिंटमध्ये ठरावीक कॉमेंट लिहून त्याला समजावता यायचं. या फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स वापरलेली नाहीत, ठाऊक आहे. प्रोग्राम या ओळीपर्यंत पोचतच नाही, तेही ठाऊक आहे. ही अख्खी फाईल लायब्ररीची आहे, तिच्यातली फंक्शनं इथे कोणी बोलावत नाही म्हणून ओरडू नकोस. या शेवटच्या कॉमेंटमध्ये आजच्या एक्सक्लूडचं बीज आहे असं मला वाटतं. नियम करणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं की काही फायलींवर हा नियम लावण्यात अर्थ नाही.

सोपी नावं आधी उरकू. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर, नोड मॉड्यूल्स, डॉट गिट, पायकॅश. यांत बाहेरून आणलेली पॅकेजं नाहीतर हत्यारांनी स्वतःसाठी ठेवलेल्या फायली असतात, आपलं एक अक्षर नसतं. पायथन ३.३ बरोबर, म्हणजे २०१२ पासून, असं एन्व्हायर्नमेंट बनवणारं व्हेन्व्ह भाषेसोबतच मिळू लागलं आणि प्रोजेक्टच्या पोटातच ते फोल्डर ठेवायची रीत पडली. फ्लेक८ सोबत घेऊन येतो त्या मूळ यादीत मात्र ते नाव नाही. त्यामुळे नुकता लागलेला मुलगा प्रोजेक्टच्या मुळाशी जाऊन फ्लेक८ला 'इथलं सगळं बघ' म्हणून सोडतो आणि टर्मिनलवर तक्रारींचा पूर येतो. बिचारा बराच वेळ त्या वाचत बसतो, आपण इतकं वाईट लिहितो का म्हणून हिरमुसतो. मग कोणीतरी मागून जाताना सांगतं, अरे, हे तर जँगोच्या पोटातलं आहे, तू कशाला बघतोयस? (जँगो म्हणजे वेबसाइट बांधायचं पायथनमधलं तयार फ्रेमवर्क.)

गंमत अशी, की फ्लेक८च्या त्याच मूळ यादीत सीव्हीएस आहे. सीव्हीएस म्हणजे गिटच्याच काय, सबव्हर्जनच्याही आधीची कोड सांभाळायची व्यवस्था. पायलिंटच्या 'इग्नोर' या पर्यायात तर मुळात तेवढं एकच नाव आहे. आमच्या टीममधल्या बहुतेकांनी सीव्हीएसचं फोल्डर जन्मात पाहिलेलं नाही, पण रोज सकाळी त्यांचा लिंटर इमानेइतबारे ते टाळून पुढे जातो.

रफ आणि ब्लॅक (हा कोडाची मांडणी आपोआप नीट करून देतो) यांच्या मूळ याद्या लांबलचक आहेत. व्हेन्व्ह आहे, डिस्ट आहे, बिल्ड आहे. या 'बिल्ड'ने माझ्या एका मित्राच्या टीमला पुरतं चकवलं. त्यांचं सॉफ्टवेअर बांधकाम साइटवरच्या कामाच्या नोंदी ठेवणारं. बांधकामाचा सगळा हिशेब ज्या पॅकेजात, त्याचं नाव साहजिकच बिल्ड. रफ रोज 'ऑल चेक्स पास्ड' म्हणायचा, आणि खोटं बोलत नव्हता, कारण त्या पॅकेजात त्याने कधी पाऊलच टाकलं नव्हतं. रफच्या लेखी बिल्ड म्हणजे पॅकेज बांधताना पडलेला कचरा, तो कुठल्याही पातळीवर दिसला तरी टाळायचा. त्यांच्या यादीत त्यांनी स्वतः एकही नाव घातलेलं नव्हतं, तरी अर्धा प्रोजेक्ट वगळलेला. 'रफ चेक'ला 'शो-फाइल्स' हा पर्याय दिला की रफ तक्रारी न सांगता तो ज्या फायली बघणार आहे त्यांची नावं छापतो. नव्या प्रोजेक्टवर माझी दुसरी कमांड हीच असते. काय वगळलंय हे वाचण्यापेक्षा काय उरलंय हे बघणं कधी कधी जास्त सांगून जातं.

मग येतात दुसऱ्यांचा कोड आपल्या रेपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात, आणून ठेवलेली फोल्डरं, बहुधा 'व्हेंडर' नावाची. याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना पिपमध्येच आहे. पिपचं काम पॅकेजं बसवणं. पण पिपला स्वतःलाच रिक्वेस्ट्स, यूआरएललिब३ असली पॅकेजं लागतात, आणि ती बसवायला पिप हवं. म्हणून पिप त्यांच्या प्रती स्वतःच्या पोटात, अंडरस्कोर व्हेंडर या फोल्डरात, घेऊन फिरतं. तिथला नियम कडक आहे: पोटात घेण्यासाठी जेवढा बदल लागेल तेवढाच करायचा, एरवी त्या कोडाला हात लावायचा नाही, आणि केलेले बदल वेगळे पॅच म्हणून ठेवायचे. साहजिकच पिपचा लिंटरही तिथे फिरकत नाही. माझा प्रश्न इथे बरोबर बसतो. रिक्वेस्ट्समधली चूक रिक्वेस्ट्सच्या रेपोत जाऊन दुरुस्त करायची. तिथली एखादी लांब ओळ कोणी पिपमध्ये बसून मोडली, तर पुढच्या वेळी नवी प्रत आणताना ती पुसली जाणार किंवा आडवी तरी येणार. आपल्याकडच्या कंपन्यांत मात्र व्हेंडर फोल्डर असं शुद्ध फारसं दिसत नाही. कोणीतरी बाहेरची लायब्ररी आणून ठेवतो, दुसरा तिच्यात 'फक्त एक ओळ' बदलतो, तिसरा आपल्या ग्राहकाचा जीएसटीचा नियम तिथेच खुपसतो, आणि काही वर्षांनी ते फोल्डर नावाने परकं आणि कामाने घरचं झालेलं असतं. यादीतलं नाव मात्र तेच राहतं.

यंत्राने लिहिलेल्या कोडाचं तसं सोपं आहे. प्रोटोबफ म्हणजे डेटाचा साचा एकदा प्रोटो फाईलमध्ये लिहून त्यावरून कोड बनवायची व्यवस्था. तिचा कंपायलर प्रोटो फाईल वाचून अंडरस्कोर पीबी२ने संपणाऱ्या पायथन फायली लिहून देतो आणि माथ्यावर 'हात लावू नका' असं ठणकावतो. गो भाषेवाल्यांनी तर अशा माथ्यावरच्या ओळीचा नेमका साचाच ठरवून दिलाय, त्यामुळे तिथल्या हत्यारांना फोल्डरांची यादी लागतच नाही, फाईल स्वतःच सांगते की मी यंत्राची. पायथनमध्ये असा एकमताचा साचा नाही, म्हणून आम्ही नावांच्या याद्या करतो.

जँगोची मायग्रेशनं बहुतेकांच्या यादीत असतात आणि त्यांच्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे दोन गोष्टी एका फोल्डरात राहतात. २०१४ साली जँगो १.७ मध्ये मायग्रेशनं जँगोच्या गाभ्यात आली. मॉडेल, म्हणजे डेटाची रचना सांगणारा कोड, बदललं की 'मेकमायग्रेशन्स' कमांड द्यायची, डेटाबेसात काय बदलायचं ते लिहिलेली फाईल तयार. ओळी लांबच लांब, मांडणी यंत्राला सुचेल तशी. लिंटर कुरकुरतो, म्हणून लोक मायग्रेशन्स वगळतात. रास्तच आहे, कारण चूक निघाली तर ती मॉडेलमध्ये जाऊन दुरुस्त करायची असते. २०२२ मधल्या जँगो ४.१ पासून तर मशीनवर ब्लॅक असेल तर जँगो ती फाईल लिहिल्या लिहिल्या ब्लॅककडून नीटनेटकी करून घेतो, म्हणजे दिसण्याची निम्मी कुरकुर तशीही संपली.

पण त्याच फोल्डरात रन-पायथनवाली, म्हणजे डेटावर आपलं फंक्शन चालवणारी, मायग्रेशनं असतात. जुन्या कॉलममधले पत्ते तोडून नव्या तीन कॉलमांत भरायचे, दुबार ग्राहक एकत्र करायचे, असलं काम. ते फंक्शन माणूस लिहितो, बऱ्याचदा घाईत. रिकामी मायग्रेशन फाईल जँगोकडून घ्यायची आणि तिच्यात आपलं फंक्शन टाकायचं, त्यामुळे माथ्यावर 'जनरेटेड बाय जँगो' असंच लिहिलेलं राहतं, खाली सगळा मजकूर हाताचा. आणि हा कोड चालतो तोही कसा? खऱ्या डेटावर, प्रॉडक्शनमध्ये, एकदाच. अख्ख्या प्रोजेक्टात ज्या कोडाला दुसरी संधी नाही तोच कोड आपण लिंटरच्या नजरेआड ठेवतो. माझ्या हातात असेल तर मी मायग्रेशन्स पूर्ण वगळत नाही. लांब ओळींचा नियम तिथे बंद करतो, बाकीचे चालू ठेवतो.

एक छोटा, गोड प्रकार म्हणजे मुद्दाम चुकीच्या फायली. पायथनच्या स्वतःच्या टेस्टांमध्ये अशा फायली आहेत ज्यांचं एन्कोडिंग मुद्दाम बिघडवलंय, का तर पायथन त्यांच्यावर नीट ओरडतो की नाही हे तपासायला. कोणी लिंटर पास करायला त्या 'सुधारल्या' तर टेस्टच मरेल. अशा फायली वगळायलाच हव्यात, त्यावर वाद नाही.

वाद आहे तो पुढच्यावर. 'लेगसी'. किंवा 'ओल्ड'. किंवा 'स्क्रिप्ट्स', किंवा कुठल्यातरी जुन्या ग्राहकाचं नाव. आपलाच कोड, आपणच चालवतो, पण नियम यायच्या आधी लिहिलेला.

नियमाआधीच्या लेखनाचं काय करायचं हा प्रश्न पायथनवाल्यांच्या कितीतरी आधी मराठीपुढे येऊन गेलाय. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. या अठरांत एक नियम असा आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य यांतले उतारे छापताना ते मुळाबरहुकूम छापावेत. त्यानंतरचं लेखन, केशवसुत आणि चिपळूणकर धरून, नव्या नियमांप्रमाणे. शाळेत हे नियम पाठ करताना मला या नियमाचं काही वाटलं नव्हतं. आता वाचतो तेव्हा वाटतं, ही सरळ सरळ एक्सक्लूडची ओळ आहे, आणि आमच्यापैकी कोणी लिहिली नसेल इतकी नेटकी. कुठपर्यंत सूट, कुठून लागू, सीमेवरचे दोघे आत की बाहेर, सगळं एका दमात. आणखी एका नियमात वृत्त सांभाळणाऱ्या कवीला ऱ्हस्व-दीर्घाची तेवढ्यापुरती मोकळीक दिलीय. तो आमचा 'नो-क्यूए', लिंटरने तेवढी ओळ सोडून द्यावी म्हणून तिच्या शेवटी लिहितात तो.

पायथनच्या शैलीचा दस्तऐवज पेप ८ हा २००१ सालचा. त्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय की नियम कधी मोडावा हे कळणं महत्त्वाचं, आणि मोडायच्या कारणांत एक कारण नेमकं हेच दिलंय: तो कोड नियमाच्या आधीचा आहे आणि त्याला हात लावायला दुसरं काही कारण नाही. पायथनच्या स्वतःच्या घरातही हे दिसतं. लॉगिंग मॉड्यूलमधलं गेट-लॉगर, युनिटटेस्टमधलं सेट-अप, ही नावं पेप ८ सांगतो तशी लहान अक्षरांत अंडरस्कोर घालून लिहिलेली नाहीत, मध्येच मोठं अक्षर येतं. जगभरचा कोड त्या नावांवर उभा आहे, म्हणून ती तशीच ठेवली. पुढे पेप८ याच नावाचं एक तपासणीचं हत्यार आलं, आणि लोक त्या हत्याराची प्रत्येक तक्रार कायद्याचं कलम असल्यासारखी एकमेकांच्या अंगावर टाकू लागले. शेवटी खुद्द ग्विडो व्हॅन रॉसम यांनी नाव बदलायची विनंती केली आणि २०१६ मध्ये ते हत्यार पायकोडस्टाइल झालं. मला ही विनंती फार शहाणपणाची वाटते.

तर जुना कोड जुन्यासारखा राहू द्यावा, याला मराठी आणि पायथन दोन्हीकडून मान्यता आहे. फरक इतकाच की ज्ञानेश्वरीतल्या ओवीला महिनाअखेरीस पगाराच्या स्लिपा काढायच्या नसतात. लेगसी फोल्डरला असतात. आणि फोल्डर वगळताना दिसण्याचे आणि असण्याचे, दोन्ही नियम एका फटक्यात बंद होतात.

एका प्रोजेक्टात याचं जे झालं ते सांगण्यासारखं आहे. पायथन २चा अधिकृत सांभाळ २०२०च्या १ जानेवारीला संपला, त्या सुमाराला अनेकांनी जुना कोड धावतपळत ३वर आणला. या प्रोजेक्टातलं पावत्या छापणारं फोल्डर तसंच आणलेलं. बदलून घेतलं, चालवून पाहिलं, चाललं. लिंटर लावला तेव्हा त्यातून लांब ओळींच्या इतक्या तक्रारी निघाल्या की टीमने ते फोल्डर यादीत टाकलं. आत एका कोपऱ्यात एक फांदी होती: ग्राहकाच्या नावात साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही असेल तर ते नाव 'युनिकोड' या फंक्शनातून काढायचं. पायथन २मध्ये युनिकोड होतं. ३मध्ये त्या नावाचं काही नाही. पण पायथन ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत तक्रार करत नाही, आणि ती ओळ चालत नव्हती, कारण सगळी नावं इंग्रजीत टाईप केलेली. टेस्टमधला ग्राहकसुद्धा 'टेस्ट युजर' नावाचा, तोही इंग्रजीत. पहिल्यांदा कोणीतरी आपलं नाव देवनागरीत भरलं आणि पावती छापायला गेलं, तेव्हा सर्व्हर नेमएरर देऊन आडवा झाला.

फ्लेक८च्या पोटातला पायफ्लेक्स हे कोड न चालवता पकडतो. फ्लेक८ आणि रफ दोन्हीकडे या तक्रारीचा क्रमांक एफ८२१: न ठरवलेलं नाव. लिंटरला त्या फोल्डरात जाऊ दिलं असतं तर पहिल्याच दिवशी ती ओळ समोर आली असती. लांब ओळींचा आवाज नको म्हणून दार लावलं, आणि त्याच दाराआड हेही राहिलं.

दार न लावता आवाज बंद करायची सोय आहे, तिचं नाव पर-फाइल-इग्नोर्स. फ्लेक८मध्ये ती २०१९ साली ३.७ आवृत्तीत आली, रफमध्येही आहे. लेगसी फोल्डरापुरते ई५०१, म्हणजे लांब ओळीची तक्रार, आणि त्याचे दिसण्याचे भाऊबंद बंद करायचे, असण्याच्या तक्रारींची एफची मालिका चालू ठेवायची. यात काम जास्त आहे हे खरं. फोल्डराचं नाव यादीत टाकायला एक ओळ लागते, इथे बसून ठरवावं लागतं की कुठली तक्रार सोसायची आणि कुठली नाही. हे ठरवणंच लोकांना नको असतं.

आपल्या भाषेत मजकूर लिहिणाऱ्यांना आणखी एक कारण भेटतं. एसएमएसचे, सूचनांचे मराठी मजकूर ज्या फाईलमध्ये असतात तिथे ई५०१ हमखास पेटतं. पायकोडस्टाइल ओळीतली अक्षरं मोजतो म्हणजे युनिकोडची चिन्हं मोजतो, मर्यादा ७९ची. 'किल्ली' हा शब्द आपल्या डोळ्याला दोन-अडीच अक्षरांचा. त्याच्या हिशेबी क, वेलांटी, ल, हलंत, पुन्हा ल, पुन्हा वेलांटी, अशी ६ चिन्हं. पडद्यावर आटोपशीर दिसणारी ओळ त्याच्या लेखी भलतीच लांब. अशा वेळी मजकुराचं अख्खं फोल्डर वगळलेलं मी पाहिलंय. तेवढ्यापुरता ई५०१ बंद केला असता तर भागलं असतं. आणि त्या मजकुराच्या फायलींत एफ-स्ट्रिंग असतात, कंसात व्हेरिएबलांची नावं असतात, म्हणजे असण्याच्या चुकांना जागा आहेच.

आता थोडं वैतागू द्या. हे वगळणं प्रत्येक हत्याराला वेगळ्या बोलीत सांगावं लागतं. फ्लेक८ला स्वल्पविरामाने तोडलेली नावं, तीही टॉमलमध्ये नाही, त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये किंवा सेटअप डॉट सीएफजीत, नाहीतर टॉक्स डॉट आयएनआयमध्ये. रफला टॉमलमध्ये नमुने. ब्लॅकला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात शोधायच्या अक्षरांचा साचा. टाइप तपासणाऱ्या मायपायलाही रेग्युलर एक्स्प्रेशन, पण वगळलेली फाईल दुसऱ्या कोणी इम्पोर्ट केली तर मायपाय तिच्या मागे जातोच. पायलिंटकडे 'इग्नोर'मध्ये नुसतं फोल्डराचं नाव चालतं, रस्त्यासकट सांगायचं तर वेगळा पर्याय. इम्पोर्ट ओळीने लावणाऱ्या आयसॉर्टचं तिसरंच. एकाच फोल्डराचं नाव पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि त्यातलं एक चुकलेलं असतं, हे मी धरूनच चालतो.

रेग्युलर एक्स्प्रेशनवाले तर विशेष धोक्याचे. प्री-कमिट म्हणजे बदल कमिट करण्याआधी ही हत्यारं चालवणारं हत्यार. त्याच्या एक्सक्लूडमध्ये कोणी नुसतं 'डेटा' लिहिलं तर तो ते पूर्ण रस्त्यात कुठेही शोधतो. डेटा फोल्डर तर जातंच, सोबत डेटाबेस नावाची फाईल जाते, मेटाडेटा जाते, आणि कोणाला पत्ता लागत नाही. तक्रार आली नाही म्हणून कोणी चौकशी करत नसतं.

फ्लेक८मध्ये 'एक्सक्लूड' लिहिलं की त्याची मूळ यादी पुसली जाते आणि तुम्ही लिहिलेली तेवढी राहते. भर घालायची असेल तर 'एक्सटेंड-एक्सक्लूड'. एक शब्द राहिला की मायग्रेशन्स वगळली जातात आणि लिंटर टेस्टांसाठी बाहेरची पॅकेजं बसवणाऱ्या टॉक्सच्या फोल्डरात घुसतो. रफमध्येही हीच दोन नावं, हाच फरक.

आणि प्री-कमिटसोबतचा तो नेहमीचा गोंधळ. एडिटरमध्ये फोल्डर वगळलेलं दिसतं, सीआयमध्येही, पण कमिट करताना ब्लॅक त्याच फाईलला हात घालतो. कारण एक्सक्लूड लागू होतं ते हत्यार स्वतः फोल्डरं धुंडाळत जातं तेव्हा. प्री-कमिट बदललेल्या फायलींची नावं थेट हातात देतो, आणि ब्लॅकचं तर्कट असं की तुम्ही नाव घेऊन सांगितलंत म्हणजे तुम्हाला ते हवंच असणार. म्हणून २०२०मध्ये ब्लॅकला 'फोर्स-एक्सक्लूड' जोडावं लागलं. रफच्या प्री-कमिट हुकमध्ये ते आधीच घातलेलं येतं, ते बरं केलंय.

यादीत प्रत्येक नावापुढे कारण लिहायची सवय मी टीमला लावायचा प्रयत्न करतो, अर्ध्या यशाने. टॉमलमध्ये कॉमेंट चालतात, एक ओळ पुरते. 'व्हेंडर: मूळ रेपोतून जशीच्या तशी.' 'फिक्स्चर्स: मुद्दाम मोडलेल्या.' लेगसीसमोर काय लिहायचं यावर मात्र सगळे घुटमळतात, आणि बऱ्याचदा त्या घुटमळण्यातूनच ते नाव यादीतून उठून पर-फाइल-इग्नोर्समध्ये जातं.

अलीकडे एका पीआरमध्ये, म्हणजे मंजुरीसाठी आलेल्या बदलात, यादीत नवं नाव आलं: जनरेटेड. मला वाटलं नवी प्रोटो फाईल आली. आत पाहिलं तर बँकांच्या स्टेटमेंटच्या फायली वाचणारं मोठं थोरलं मॉड्यूल, टीममधल्या एका मुलाने एआयकडून लिहून घेतलेलं. चांगलं दिसत होतं. त्याला विचारलं,

"हे वगळलंयस का रे?"

"जनरेटेड आहे ना. प्रोटोबफचं आपण वगळतोच की."

"मग याची प्रोटो कुठाय?"

"याची कसली प्रोटो? मी चॅटमध्ये सांगितलं, त्याने लिहिलं."

"उद्या यात चूक निघाली तर चॅटमध्ये परत तेच सांगशील? हेच येईल?"

"तसंच्या तसं नाही येणार." जरा थांबला. "इथेच दुरुस्त करावं लागेल."

"मग?"

त्याने ती ओळ काढून पुन्हा पुश केलं. रफने न वापरलेल्या इम्पोर्टांची रांग लावली, ती त्याने 'फिक्स' देऊन एका झटक्यात साफ केली. उरलं एकाच नावावरचं एफ८२१. तारीख वाचणारं एक हेल्पर फंक्शन, जागोजागी बोलावलेलं, लिहिलेलं कुठेच नाही. ते तो आता लिहितोय, आणि मला विचारून गेला की स्टेटमेंटमध्ये आधी दिवस येतो की महिना. बँकेप्रमाणे बदलतं, म्हटलं, फायली बघ.